तीसच्या तीस मुलं हुशार करणाऱ्या महाशयांस



बी.एड. कॉलेजच्या फाटकासमोर तुमचं झेरॉक्सचं दुकान आहे. छपाई, स्पायरल, बाइंडिंग ही कामं तुम्ही चोख करता, त्याबद्दल तक्रार नाही. विषय, इयत्ता आणि नाव बदललं की तुमच्या संगणकातून तयार कृतिसंशोधन बाहेर पडतं, त्याबद्दल आहे.

परीक्षक म्हणून तोंडी परीक्षेला बसलो की तुमचा माल लगेच ओळखू येतो. प्रमाणपत्रावर एका गावची शाळा, पान 27 वर दुसऱ्याच गावची. विषय, चौथीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी न जमण्याचा. पूर्वचाचणीला तीस मुलं, उत्तरचाचणीला तीच तीस, आणि प्रत्येकाचे गुण वाढलेले. तुमच्या वर्गात कुणाला ताप येत नाही? दिवाळीनंतर कुणाचे आईवडील मुलाला घेऊन ऊसतोडीला जात नाहीत? एकाचेही गुण घसरत नाहीत? परिशिष्टातल्या साऱ्या उत्तरपत्रिका एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात लिहिलेल्या. त्यांतल्या चुकासुद्धा मुलांच्या नाहीत.

खरं मूल कसं चुकतं ते सांगतो. 52 मधून 28 वजा करायला दिले की ते 36 लिहितं. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन काढतं, मग पाचातून दोन. हा निष्काळजीपणा नव्हे. नेहमी मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, असा नियम त्याने मनाशी केलेला असतो आणि तो ते इमानाने पाळतं. त्याला दहापैकी शून्य मिळालं एवढं कळून उपयोग नाही. हा नियम सापडला, तर दहा-दहा काड्यांचे गठ्ठे त्याच्या हातात देऊन एक गठ्ठा सोडायला सांगता येतं. होऊ घातलेल्या शिक्षकाने असा एखादा 36 स्वतः शोधावा, यासाठी कृतिसंशोधन असतं. अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी 1953 च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं: शिक्षकाने आपल्या कामातले प्रश्न आपणच तपासावेत आणि आपली रीत सुधारावी.

आता तुमच्या अहवालातलं टी-मूल्य, म्हणजे गुणांतला फरक निव्वळ योगायोगाचा नाही हे दाखवायला तुम्ही छापता तो आकडा. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होते. थोड्याच नमुन्यांवरून किती खात्रीने बोलता येतं, हा त्यांच्या रोजच्या कामातला प्रश्न होता. 1908 मध्ये त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याचं उत्तर छापलं. टी-चाचणी त्यातूनच आली. शंका मोजण्याचं ते साधन तुम्ही शंका गाडायला वापरता. तीस मुलांच्या पूर्व-उत्तर गुणांसाठी 0.05 स्तरावर सारणीतलं मूल्य 2.05 च्या आसपास आहे. तुमचं दर वेळी त्याच्या कितीतरी वर जातं, कारण तुमच्याकडे निष्कर्ष आधी टाइप होतो आणि मुलांचे गुण नंतर.

दोष तुमचा एकट्याचा नाही. न वाचता सही ठोकणारे मार्गदर्शक आणि ‘सार्थक फरक आढळला नाही’ हे वाक्य दिसताच गुण कापणारे परीक्षक तुमचं गिऱ्हाईक वाढवतात. पाठांची टाचणं आणि छात्रसेवाकाल यांत विद्यार्थ्यांना उसंत नसते, हेही खरं. पण नुकसान होतं ते वर्गातल्या मुलाचं. त्याची अडचण कुणी पाहिलीच नाही आणि ती दूर झाल्याचा पुरावा मात्र ग्रंथालयात जमा झाला. त्याच्यापुढे उद्या जो शिक्षक उभा राहणार, त्याला चूक वाचायची सवय तुम्ही लागूच दिली नाही.

म्हणून यापुढे मी मुलांच्या मूळ उत्तरपत्रिका खाडाखोडीसकट मागणार आहे. गैरहजर मुलांची नोंदही मागणार आहे. उपाय फसला आणि तो का फसला हे ज्याला सांगता आलं, त्याला मी भरघोस गुण देईन. तुम्ही एवढंच करा: संगणकातला तयार अहवालांचा तो फोल्डर आजच पुसून टाका आणि अहवाल मागायला येणाऱ्याला समोरच्या शाळेत पाठवा.

आपला,
बी.एड.चा एक परीक्षक