ढकलकर

ढकलकर हा प्राणी प्रामुख्याने हिंजवडी, खराडी, ऐरोली या पट्ट्यात आणि बहुधा रात्रपाळीत आढळतो. हुद्दा ‘प्रॉडक्शन सपोर्ट’. स्वयंचलित म्हणून विकत घेतलेली प्रक्रिया मध्येच बसली की तिला हाताने उठवून पुढे लावणे, हे त्याचे काम. कर्जाचा अर्ज किंवा विम्याचा दावा एका टप्प्यावरून दुसऱ्यावर नेणारे सॉफ्टवेअर कंपनीने माणसे कमी करायला घेतलेले असते. ढकलकर हा त्या हिशेबात न धरलेला माणूस. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीचे वडील विचारतात, “आपोआपच चालतं, तर तुम्ही काय करता?” ढकलकर पोह्यांचे कौतुक करतो.

प्रक्रिया बसण्याची कारणे फार थोर नसतात. समोरचा सर्व्हर उत्तर देत नाही, कोणाच्या तरी पासवर्डची मुदत संपते, रकमेच्या रकान्यात कोणी स्वल्पविराम घालतो. कॅमुंडासारखे इंजिन, वेगळे काही सांगितले नसेल तर, तीनदा प्रयत्न करते. तिन्ही फसले की ‘इन्सिडेंट’ नोंदवून मोकळे होते आणि ‘कॉकपिट’ नावाच्या पडद्यावर त्याची नोंद झळकते. तिथून पुढचे ढकलकराने बघायचे. सॅपमध्ये तर चुकीमुळे अडकलेला वर्कफ्लो पुन्हा चालू करायला एसडब्ल्यूपीआर आणि सिस्टीम कोसळून थांबलेल्यासाठी एसडब्ल्यूपीसी, अशी दोन वेगळी दारे ठेवलेली आहेत. ढकलकर लागणार हे बनवणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. विकणाऱ्यांनी तेवढे सांगितले नाही.

नवशिका ढकलकर लाल दिसले की रीट्राय मारतो. मुरलेला आधी लॉग उघडतो. पैसे पाठवण्याच्या टप्प्यावर गाडी अडली असेल, तर पैसे गेलेच नाहीत, की गेले आणि पोचपावती येण्याआधी लाइन तुटली, हे त्याला बघायचे असते. दुसऱ्या प्रकारात रीट्राय मारला आणि समोरच्या सिस्टीमने तोच संदर्भ क्रमांक ओळखला नाही, तर एकाच माणसाला दोनदा पगार होतो. त्या माणसाची तक्रार येत नाही, हीच अडचण. पैसे पोचल्याची खात्री झाली की ढकलकर तो टप्पा वगळून प्रक्रिया पुढच्या टप्प्यावर नेऊन ठेवतो. एअरफ्लो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘मार्क सक्सेस’ आहे: काम न चालवता ‘झाले’ अशी नोंद करायची सोय. सरकारी खात्यांत ही सोय संगणकाच्या आधीपासून आहे.

ढकलकराला लाल रंगाची भीती नसते, धास्ती असते ती ‘चालू’ दिसणाऱ्या कामाची. नोंदीत काम सुरू, प्रत्यक्षात ते चालवणारी प्रोसेस कधीच गेलेली. एअरफ्लोच्या जुन्या आवृत्त्या अशांना ‘झॉम्बी’ म्हणत; त्यांचा हार्टबीट, म्हणजे ‘जिवंत आहे’ हा संकेत, येईनासा झाला की एअरफ्लो त्यांना बाद ठरवते. पण काही कामे हार्टबीट देत राहतात आणि जागची हलत नाहीत. डेटाबेसमध्ये कोणीतरी लॉक धरून जेवायला गेलेले असते. त्याला शोधणे ही ढकलकराची खरी विद्या. ती कुठल्याही रनबुकात नाही.

एवढ्यात ब्रिज कॉल सुरू होतो. पहाटे तीनला चार देशांतले साहेब लाइनवर असतात आणि हात चालतात एकट्या ढकलकराचे.

“अपडेट काय?”

“सर, बघतोय.”

“ईटीए?”

“सर, पंधरा मिनिटं.”

पंधरा मिनिटे हे या जमातीचे कालमापनाचे एकमेव एकक असून तासाभरानंतरही ते तेवढेच असते. म्यूट करून तो शेंगदाणे खातो.

सकाळी आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा अहवाल, लिहायचा. कारण मागच्या खेपेचेच, म्हणून मागचीच फाइल तारीख बदलून जाते. ‘पर्मनंट फिक्स’ पुढच्या रिलीजमध्ये. हे मागच्या फाइलीतही होतेच.

महिनाअखेरच्या अहवालात ढकलकराने हाताने मोकळ्या केलेल्या प्रक्रियाही ‘पूर्ण’ याच रकान्यात पडतात. स्वयंचलनाचा आलेख त्यामुळे छान चढता दिसतो. तो आलेख जोडून सपोर्टची माणसे कमी करण्याचा प्रस्ताव निघतो, मंजुरीच्या वर्कफ्लोत शिरतो आणि फायनान्सच्या टप्प्यावर अडकतो. तिकीट ढकलकराकडे येते. चार तासांची मुदत असते. तो प्रस्ताव अर्ध्या तासात मोकळा करतो.