गॅसपाशी गर्दी

आपल्याकडची घरं मे महिन्यासाठी बांधलेली असतात. फरशी गार राहणारी, खिडक्या समोरासमोर आणि वारा इकडून शिरून तिकडून निघेल अशी सोय. नाशिकला फ्लॅट बघायला गेलो तेव्हा बिल्डरचा माणूस प्रत्येक खोलीत ‘क्रॉस व्हेंटिलेशन’ म्हणत होता आणि आम्ही प्रत्येक खोलीत मान डोलावत होतो. मे महिन्यात हा वारा कुठे जातो, देव जाणे. डिसेंबर लागला की मात्र उत्तरेकडून निघालेलं वारं थेट आमच्या बाल्कनीत उतरतं, सरकत्या खिडकीच्या फटीतून शीळ घालत आत येतं, हॉलमध्ये एकेकाची विचारपूस करतं आणि एक्झॉस्ट फॅनच्या भोकातून बाहेर पडतं. बाहेर पडायची त्याला घाई नसते.

त्यात निफाडच्या काकांचा फोन. निफाड म्हणजे महाराष्ट्राचं शीतगृह. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ते पहाटे कळतं आणि काका आम्हाला कळवतात. “पाच पूर्णांक सहा!” आवाजात असा तोरा, की नातवाला बोर्डात नंबर मिळाला असावा. पुढच्याच वाक्यात ते रडकुंडीला येतात, कारण बाग द्राक्षाची. असल्या गारठ्यात मण्यांची फुगवण थांबते, तयार मण्यांना तडे जातात. मग बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ठिबक सोडून मुळांना विहिरीचं पाणी द्यायचं. हवेपेक्षा ते तेवढंच उबदार असतं. “तुमच्याकडे किती?” ते शेवटी विचारतात. दहा, असं सांगितलं की म्हणतात, “मग काय, उन्हाळाच की!”

तर या उन्हाळ्यात आमच्या घरात ऊब देणारी वस्तू एकच, गॅसची शेगडी. म्हणून हिवाळ्यात मी सूप करते. सूप कसं निवडावं याबद्दल मासिकांतून बरंच छापून येतं: जीवनसत्त्वं, उष्मांक, त्वचेचं तेज. माझी कसोटी वेगळी आहे. ते किती वेळ शेगडीवर राहतं?

या कसोटीवर पाकिटातलं सूप पहिल्याच फेरीत बाद. टोमॅटोचं पंधरा मिनिटांत होतं, हा त्याचा मोठा दोष. मुगाचं कढण त्या मानाने बरं, पण त्याचा वास जिन्यात गेला की शेजारच्या काकू “कुणाला ताप आलाय?” म्हणून चौकशीला येतात. पाया तासन्‌तास उकळतो, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सासूबाई माळकरी आहेत. हॉटेलात जाऊन मॅन्चाव मागवावं, तर आपल्या लोकांचा ‘वन बाय टू’चा बाणा आडवा येतो. चौघांत दोन सूप, वर कुरकुरीत नूडल्सची मूठ, आणि अर्धा वाडगा संपेपर्यंत उरलेला अर्धा कोमट.

राहता राहिले हुलग्याचे शेंगोळे. कोकणात याच दाण्याला कुळीथ म्हणतात आणि त्याची पातळ पिठी करून भातावर घेतात. आमच्या घाटावरच्या माणसांना एवढ्या लवकर होणारा पदार्थ पटत नाही. हुलगा हे मुळात बैलांचं आणि घोड्यांचं खाद्य. शंभर ग्रॅममागे २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, शिवाय प्रकृतीने उष्ण अशी ख्याती. “बैलाला कधी स्वेटर घातलेला पाहिलाय?” हा नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, आहारशास्त्रावरचा अखेरचा शब्द. असं बोलताना त्यांनी स्वतः दोन स्वेटर घातलेले असतात.

शेंगोळ्यांची खरी थोरवी अशी, की त्यांना माणसं लागतात. लसूण भरपूर लागतो, तो सोलायला एक. लसूण, जिरं, मिरची यांचं वाटण हुलग्याच्या पिठात घालायचं, सोबत ओवा, हळद, मीठ आणि मिळून येण्यासाठी थोडं गव्हाचं पीठ. तो घट्ट गोळा मळायला दुसरा. तेलाच्या हाताने बारीक वळ्या वळून त्यांची कडी करायला उरलेले सगळे. एरवी ज्यांना आमच्याकडे मिठाचा डबा कुठे असतो ते ठाऊक नसतं, ती माणसं जानेवारीत संध्याकाळी सहाच्या सुमारास एकेक करून ओट्यापाशी येतात आणि हात चोळत विचारतात, “काही मदत करू का?” डोळे शेगडीवर.

मी कामं वाटून देते. जितका गारठा जास्त, तितका लसूण जास्त.

शेंगोळा वळताना माणूस उघडा पडतो. आमच्या ह्यांचे शेंगोळे एकाच मापाचे, एकाच जाडीचे. वाकडा झाला तर मोडून परत वळतात, त्यामुळे ताटलीत तासाभरात मोजून मूठभर. नानांचा शेंगोळा करंगळीएवढा जाड असतो. तो आत कच्चा राहणार हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. लेक साप, गोगलगाय आणि स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर करते. सासूबाई टीव्हीवरच्या मालिकेकडे बघत, हाताकडे न बघता, बांगडीसारखे सुबक शेंगोळे ढीगभर टाकतात आणि वर विचारतात, “एवढेच झाले तुमचे?”

तिकडे पातेल्यात लसणाच्या फोडणीवर पाणी घातलेलं असतं. ते खळखळून उकळल्याशिवाय शेंगोळे सोडायचे नाहीत, नाहीतर विरघळून पिठलं होतं. सोडल्यावर लगेच डाव घालायचा नाही. थोडं पीठ पाण्यात कालवून वरून ओतलं की रस्सा दाट होतो. एवढं झालं, की झाकणावरून भांडण. सासूबाईंचं म्हणणं, झाकण ठेवा, लवकर शिजेल. बाकीच्यांना लवकर शिजायलाच नको असतं. “आई, जरा बघतो हं,” म्हणून हे झाकण उचलतात आणि चेहरा वाफेत धरून उभे राहतात. “आता मी बघते,” म्हणून लेक. नाना चष्मा काढून रांगेत.

वाढायची वेळ आली, की प्रत्येकाला आपलाच शेंगोळा हवा असतो. गोगलगायीचं शिंग कुठे गेलं यावरून चौकशी बसते. नानांचा जाडा शेंगोळा नेमका ह्यांच्या वाडग्यात येतो आणि ते तो निमूटपणे चावत राहतात. वर तुपाची धार, बाजूला बाजरीची भाकरी. मग बोलणं थांबतं आणि नुसतं भुरकणं ऐकू येतं. नाकं वाहू लागतात, नानांचा एक स्वेटर उतरतो. सूप पिताना आवाज करू नये असा शिष्टाचार ज्याने काढला, त्याच्या घरी खिडक्या नीट बंद होत असणार.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं जुनी माणसं सांगतात. आमच्या स्वयंपाकघरातून माणसं त्याआधीच निघून जातात. काकांचे फोन बंद होतात, हॉलमध्ये पंखा लागतो. परवा मी हौसेने पुन्हा हुलग्याचं पीठ काढलं, लसणाचा गड्डा ओट्यावर ठेवला आणि मुद्दाम मोठ्याने म्हटलं, “शेंगोळे करतेय!” बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग सोफ्यावरून ह्यांचा आवाज आला. “अगं, गॅसपाशी किती उकडत असेल तुला! हॉटेलातच जाऊ या ना.”