प्रलयाचा ताळेबंद

पुढील संवाद 'डेफकॉन' या संगणकीय खेळाविषयी असून, त्यातील खेळाडू हा त्या खेळात मुरलेला, तर हिशेबनीस हा जमाखर्चाखेरीज कशावरही विश्वास न ठेवणारा आहे.

हिशेबनीस : प्रथम संज्ञा स्पष्ट व्हावी.

खेळाडू : डेफकॉन ही अमेरिकी सैन्याच्या सज्जतेची पाच पायऱ्यांची मोजपट्टी असून तीत पाच म्हणजे शांतता आणि एक म्हणजे अणुयुद्ध दारात, असा उलटा क्रम आहे, इंट्रोव्हर्जन या ब्रिटिश कंपनीने २००६ मध्ये काढलेल्या या खेळात कमाल सहा जण जगाचे सहा प्रदेश वाटून घेतात आणि ही मोजपट्टी, कोणी काही केले वा न केले तरी, आपोआप खाली येत राहते.

हिशेबनीस : ती रोखण्यासाठी वाटाघाटी?

खेळाडू : तशी तरतूद नाही. युती मात्र करता येते, मित्रपक्षाच्या रडारवरचे सारे पाहता येते, आणि सोयीची वेळ येताच युती मोडताही येते.

(येथे हिशेबनिसाने टेबलावरच्या वर्तमानपत्राकडे अर्थपूर्ण दृष्टी टाकली.)

खेळाडू : खरी मेख सायलोत, म्हणजे क्षेपणास्त्रांच्या भूमिगत तळात आहे. तो शत्रूची क्षेपणास्त्रे पाडतो किंवा स्वतःची सोडतो, पण दोन्ही एकाच वेळी नाही; काम बदलायला वेळ लागतो आणि पहिले क्षेपणास्त्र सुटताच तळाचा ठावठिकाणा सर्वांना कळतो.

हिशेबनीस : म्हणजे रखवालदारच दरोड्याला निघतो आणि जाताना घराचा पत्ता देऊन जातो! असो. हे सारे किती वेळात उरकते?

खेळाडू : एका पद्धतीत खेळ खऱ्या घड्याळाप्रमाणे सुमारे सहा तास चालतो, ती खास कचेऱ्यांसाठी असून, साहेब जवळ येताच खिडकी लपवण्याची कळही तीत दिलेली आहे.

हिशेबनीस : जगबुडी कचेरीच्या वेळेत, तीही जादा कामाच्या भत्त्याशिवाय! आता मूळ मुद्दा : गुण कसे मोजतात?

खेळाडू : नेहमीच्या पद्धतीत शत्रूची दहा लाख माणसे मारल्यास दोन गुण मिळतात आणि स्वतःची दहा लाख गमावल्यास एक गुण जातो.

हिशेबनीस : प्रत्येक प्रदेशाची लोकसंख्या?

खेळाडू : सामान्यतः दहा कोटी.

हिशेबनीस : समजा, दोन खेळाडूंनी परस्परांची सात सात कोटी माणसे मारली. प्रत्येकाच्या जमेस १४०, नावे ७०, निव्वळ नफा ७०. चौदा कोटी माणसे गेली आणि तोटा मात्र कोणत्याच वहीत नाही!

खेळाडू : केवळ वाचलेल्यांचे गुण मोजणारी पद्धतही आहे, तीत दर दहा लाख जिवंत माणसांमागे एक गुण मिळतो.

हिशेबनीस : मग कोणीच काही सोडले नाही, तर कवडीचा खर्च न होता प्रत्येकाला पूर्ण १०० गुण मिळतील.

खेळाडू : मिळतील, परंतु मग सगळेच बरोबरीत राहतील, आणि बरोबरीसाठी कोण खेळतो?

हिशेबनीस : नेहमीच्या पद्धतीचा ताळेबंद नामंजूर. त्यात मृतांना दोन खाती आहेत, एक शत्रूचे, एक स्वतःचे. जिवंतांना एकही नाही.