लालबागचा हवाई रंगारी

फ्लाइट सिम्युलेटर बाळगणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिला उडणाऱ्यांचा. हे लोक रात्री जेवून मुंबईहून निघतात आणि दूधवाला यायच्या वेळेला लंडनला उतरतात. मधले नऊ-दहा तास इंधन, वारा, कंट्रोल टॉवर सगळं सांभाळतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात डुलक्या काढतात. दुसरा पंथ रंगवणाऱ्यांचा. आपला माणूस या दुसऱ्या पंथातला. त्याचं विमान सांताक्रूझहून उडतं, दादरवर एक घिरटी घालतं. तो बाहेरच्या कॅमेऱ्यातून शेपटी, पोट, नाक न्याहाळतो, ‘च्यायला, दरवाज्यामागची रेघ सरकली’ म्हणतो आणि विमान तसंच हवेत सोडून प्रोग्रॅम बंद करतो. आतल्या प्रवाशांचं पुढे काय होतं, याचा विचार त्याने आजवर केलेला नाही.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात तो हमखास सापडतो. वय पंचेचाळीसच्या आगेमागे. नोकरी बँकेत, महापालिकेत किंवा एखाद्या औषध कंपनीच्या हिशेब विभागात. शाळेत चित्रकलेची इंटरमिजिएट ‘ए’ ग्रेडने पास झालेला असतो आणि हे तो ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. जेजे स्कूल ऑफ आर्टला जायचं होतं, पण वडील म्हणाले, आधी पोटाचं बघ. लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग जमवून बांधलेला त्याचा कॉम्प्युटर घराच्या मानाने जरा मोठाच असतो. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तो कपाट आणि देव्हारा यांच्यामध्ये बसतो. पुनर्विकासात चाळ गेली, संक्रमण शिबिरात जावं लागलं, तेव्हा याने फ्रिज टेम्पोत टाकला आणि हार्ड डिस्क मांडीवर घेऊन टॅक्सीने गेला.

हा रंगवतो म्हणजे काय करतो, हे लालबाग-परळच्या माणसाला समजावणं सोपं आहे. गणपतीच्या कारखान्यात साचा एकच असतो; पीतांबराचा रंग, शेल्याची किनार आणि डोळ्यांची आखणी यावर मूर्ती कुणाची ते ठरतं. विमानाचंही तसंच. सिम्युलेटरसाठी कुणीतरी परदेशी कंपनी बोइंग ७४७ चा साचा बनवून विकते. सोबत पेंट किट देते, म्हणजे विमानाची कातडी सोलून सपाट पसरल्यासारखी चौकोनी चित्रं. त्यांवर रंग चढवायचा आणि ती परत विमानावर बसवायची. साचा परक्याचा, आखणी आपली. फरक एवढाच की कारखान्यातल्या कारागिराला मजुरी मिळते. हा रंगवलेलं विमान जगाला फुकट वाटतो आणि सोबतच्या मजकुरात ‘व्यापारी वापरास सक्त मनाई’ असं दरडावतोही.

त्याच्या आयुष्यातलं मुख्य दैवत म्हणजे एअर इंडियाचं जुनं ७४७. १९७१ साली पहिलं जंबो ‘एम्परर अशोक’ मुंबईत आलं, ते आकाशातला महाल म्हणून. प्रत्येक खिडकीभोवती राजस्थानी झरोक्याची लाल महिरप काढलेली. बाकीच्या जगातल्या विमान कंपन्या खिडक्यांवरून एक सरळ पट्टा ओढून मोकळ्या होत होत्या, तेव्हा आपल्याकडे खिडकीगणिक कमान! प्रवाशांना कौतुक वाटलं असेल. रंगाऱ्याचा मात्र जीव जातो. एक कमान काढून शंभरदा चिकटवली की झालं, असं नवख्याला वाटतं. पण विमानाचं अंग गोल, चित्र सपाट. नाकाकडे कमान फाकते, शेपटीकडे आखडते. दरवाजा आला की खिडक्यांमधलं अंतर बदलतं. त्यात धडाचं चित्र दोन-तीन पानांत तोडलेलं असतं आणि जिथे एक पान संपून दुसरं सुरू होतं, तिथे लाल रेघ एका पिक्सेलने जरी वरखाली झाली, तरी धावपट्टीवर उभं विमान सांधा निखळल्यासारखं दिसतं. हा सांधा जुळवण्यात आपल्या माणसाचे गणपती, दसरा, दिवाळी असे सलग सण गेलेले आहेत.

मग अक्षरं. या विमानावर एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला देवनागरीत ‘एअर इंडिया’. पूर्वीच्या फुकट मिळणाऱ्या कित्येक साच्यांत बनवणाऱ्याने कष्ट वाचवायला दोन्ही बाजूंना एकच चित्र वापरलेलं असे. डावीकडे नाव सरळ, उजवीकडे आरशातलं. तो साचा टाकून द्यावा लागे. चांगला साचा मिळाला तर फोटोशॉप आडवं येई. जुन्या फोटोशॉपला देवनागरी जुळवण्याची अक्कल नव्हती. ‘इंडिया’तली ऱ्हस्व वेलांटी ‘ड’च्या अलीकडे बसायची, ती पलीकडे जाऊन बसे. शेवटी आपला माणूस गिरगावात खाडिलकर रोडवर गेला. तिथे लग्नपत्रिका जुळवणाऱ्या एका डीटीपीवाल्याने श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांत ‘एअर इंडिया’ काढून दिलं. घरी येऊन विमानावर चढवलं, तर जंबो जेट ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ म्हणत उड्डाणाला निघाल्यासारखं दिसू लागलं. फाँट पत्रिकेचाच होता! मग त्याने जुना फोटो मोठा करून अक्षरं हाताने गिरवली. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना दिलेलं वळण वर्तमानपत्रांत बघत वाढलेल्या माणसाला हेच आधी सुचायला हवं होतं, असं त्याची बायको म्हणते. आणि ते खरंच आहे.

लाल रंगाबाबत त्याची एक जुनी तक्रार आहे. चार हजार शहाण्णव पिक्सेल लांब-रुंद असलेलं एक चित्र उघडं ठेवलं तर चौसष्ट एमबी जागा खातं, म्हणून ते दाबून सोळा एमबीचं करतात. दाबण्याच्या या पद्धतीत मूळ रंगाची नोंद ठेवताना हिरव्याला चौसष्ट पायऱ्या मिळतात. लाल आणि निळ्याला फक्त बत्तीस. माणसाच्या डोळ्याला हिरव्यातले भेद जास्त कळतात, म्हणून हा हिशेब. ‘म्हणजे पाकिस्तानी विमान झकास दिसणार आणि आपल्या झरोक्यांच्या कडा फिसकटणार,’ असं तो पानाच्या गादीवर उभा राहून पोटतिडकीने सांगतो. पानवाला मान हलवतो. त्याला वाटतं विषय क्रिकेटचा आहे.

कारकुनी वेगळीच. जुन्या सिम्युलेटरांत प्रत्येक रंगाची नोंद एका फाइलीत शून्य, एक, दोन अशा क्रमाने करायची. मधला एक आकडा गाळला की त्यापुढची सगळी विमानं यादीतून गायब. २००६ च्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’मध्ये चित्रं डोक्यावर उलटी करून साठवावी लागत. २०२० च्या आवृत्तीत लेआउट नावाच्या फाइलीत प्रत्येक चित्राचं नाव आणि आकार लिहिलेला नसेल, तर सिम्युलेटर ते चित्र बघायलाच तयार नसतो. आयुष्यभर नोंदवह्या भरलेल्या आपल्या माणसाला हा भाग मनापासून आवडतो. त्याच्या मते हे परदेशी लोक आपल्यापेक्षा फार पुढे गेलेले नाहीत.

त्याच्याशी बोलताना जपावं लागतं. १९८८ मध्ये एअर इंडियाकडे ७४७-३०० जातीची दोन विमानं आली, त्यातलं व्हीटी-ईपीडब्ल्यू म्हणजे ‘शिवाजी’. परळच्या एका उत्साही पोराने हे नाव ७४७-४०० च्या साच्यावर चढवलं आणि अभिमानाने दाखवायला आणलं. आपला माणूस बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘अरे, पंखांच्या टोकाला ते उभे कान दिसतायत ना? ते चारशेला असतात. तीनशेला नसतात. महाराजांचं नाव घेतोस, आणि विमान भलतंच?’ पोरगा म्हणाला, ‘काका, कोण बघतंय?’ त्या दिवसापासून तो पोरगा उडणाऱ्यांच्या पंथात गेला.

जंबोंना दिलेली सम्राटांची सगळी नावं त्याला नोंदणीच्या अक्षरांसकट पाठ आहेत: शहाजहान, राजेंद्र चोळ, विक्रमादित्य, अकबर, चंद्रगुप्त, कृष्णदेवराय. ‘कनिष्क’ मात्र त्याने रंगवलेलं नाही. २३ जून १९८५ ला तीनशे एकोणतीस माणसं त्या विमानात गेली. कुणी मागितलं तर तो ‘वेळ नाही’ म्हणतो. एरवी वेळ नाही असं तो कधीही म्हणत नाही.

रंग बदलणाऱ्या कंपन्यांवर त्याचा राग आहे. १९८९ मध्ये एअर इंडियाने झरोके काढून पांढऱ्या अंगाची आणि शेपटीवर सोनेरी सूर्याची नवी वेशभूषा आणली. लोकांनी कुरकुर केली, दोनेक वर्षांत झरोके परत आले. या घटनेचा उल्लेख तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या सुरात करतो, जणू हुतात्मा चौकात आपणही होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये एअर इंडियाचं नवं बोधचिन्ह ‘द व्हिस्टा’ आलं, तेव्हा त्याने कंपनीचं पत्रक वाचलं: लाल, सोनेरी आणि वांगी रंग. आई म्हणाली, ‘वांगी? भरलेली की भरताची?’ वांग्याची ही छटा विस्तारा या विमान कंपनीकडे आधीपासून होती, आणि पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्ताराच एअर इंडियात विलीन झाली. त्यामुळे त्याच्या डब्यात एकाच रंगाच्या दोन फाइली झाल्या. इंडिगोबद्दल त्याचं मत एका वाक्याचं आहे: ‘त्यात रंगवायचं काय? शेपटावरचं नोंदणीचं अक्षर बदललं की नवीन विमान तयार.’

बंद पडलेल्या कंपन्या मात्र त्याच्याकडे सुखात नांदतात. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा, किंगफिशर. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं. याच्या कॉम्प्युटरवर जेटची विमानं त्यानंतरही रोज दादरवर घिरट्या घालतात. पगाराची बोंब नाही, बँकेचा तगादा नाही. किंगफिशरच्या लाल शेपटीवरचा खंड्या पक्षी त्याने इतक्या प्रेमाने काढला आहे, की बँकेत कर्जवसुलीला असलेला त्याचा मेहुणा ती फाइल उघडली की खोलीतून उठून जातो.

घरात सगळ्यात मोठा वाद धुळीवरून होतो. विमान नवंकोरं दिसलं तर खोटं वाटतं. इंजिनामागे काजळी, चाकांच्या खणाखाली तेलाचे ओघळ, पत्र्यांच्या सांध्यांत मळ हवा. त्यासाठी तो जरीमरीला जाऊन उतरणाऱ्या विमानांच्या पोटांचे फोटो काढतो. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचं शेवटच्या काही जंबोंपैकी एक, व्हीटी-ईव्हीए, मुंबईहून कायमचं निघालं आणि पंख हलवून शहराचा निरोप घेऊन गेलं. लोकांचे डोळे पाणावले. हा झूम करून डाव्या पंखाखालचा डाग टिपत होता. ‘कपाटावर बोटभर धूळ आहे, ती दिसत नाही,’ बायको म्हणते, ‘आणि हे रात्रभर विमानावर धूळ काढत बसतात.’

‘अगं, ती काढायला नाही, घालायला बसतो,’ तो म्हणतो. यानंतर चहा मिळत नाही.

मोबदल्याचा विषय निघाला की तो दालीचं उदाहरण देतो. १९६७ मध्ये साल्वादोर दालीने एअर इंडियासाठी राखदाणीचं डिझाइन केलं आणि बदल्यात हत्तीचं पिल्लू मागितलं. कंपनीने ते खरोखर विमानाने पाठवलं. आपल्या माणसाला हत्ती नको. घरात जागाही नाही. जगभरातून त्याची विमानं उतरवून घेणाऱ्यांनी नुसतं ‘थँक्यू’ लिहिलं तरी चालेल. ते लिहितात, ‘ए-३५० कधी?’

गिरगावकर असेल तर शिवकर बापूजी तळपद्यांचा विषय काढल्याशिवाय तो सोडत नाही. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं विमान उडवल्याची कथा आहे; ठोस पुरावा कुणाकडे नाही आणि तज्ज्ञ ती मानत नाहीत. आपला माणूसही मानत नाही. पण तळपदे कला शिकवायला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये होते, एवढी गोष्ट त्याला पुरते. ‘म्हणजे बघा, आमच्या गिरगावात विमानाचं वेड आर्ट स्कूलमधूनच सुरू झालं.’ मरुत्सखा रंगवायची त्याची फार इच्छा आहे. फोटोच नसल्याने चूक काढायला कुणी येणार नाही, हा मोठाच फायदा. आणि नेमकं त्यामुळेच त्याला ते रंगवण्यात मजा वाटत नाही.

काल्पनिक रंग तो पाप समजतो. एकदाच घसरला. सप्टेंबर २०२३ मध्ये बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर रस्त्यावरून गेली, त्या आठवड्यात त्याने ७४७ ला बेस्टचा लाल रंग दिला. वरचा मजला तयारच होता. त्याने आजवर केलेल्या विमानांत लोकांना सगळ्यात जास्त हेच आवडलं, याचं त्याला अजून वाईट वाटतं. अमेरिकेतल्या एका माणसाने विचारलं, ही कुठली एअरलाइन? दादरच्या एकाने विचारलं, मार्ग क्रमांक का घातला नाही? दुसरा प्रश्न त्याने गांभीर्याने घेतला आणि आठवडाभर नाकावर बसेल अशी पाटी जुळवत बसला.

परवा लालबागच्या एका गल्लीतल्या मंडळाची पोरं आली. ‘काका, यंदा देखाव्यात विमान करतोय, पुठ्ठ्याचं. रंगवाल का?’

‘कुठलं?’

‘एअर इंडियाचं.’

‘ते कळलं रे. दोनशे की तीनशे? कुठल्या सालातलं? नाव काय लिहायचंय?’

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. ‘काका, मंडळाचं.’

सध्या तो मंडळाकडे शेपटीच्या दोन्ही बाजूंची मापं मागतोय, आणि मंडळ त्याच्याकडे वर्गणी.