केळ्यांची शकावली

३१ वर्षे भूमिअभिलेख खात्यात लोकांच्या जमिनींच्या हद्दी ठरविण्यात घालविल्यावर ज्याला स्वतःच्या गावाची हद्द ओलांडण्याची सवड मिळाली, अशा मनुष्याने निवृत्तीनंतरची पहिली यात्रा काशीची करावी, असा आमच्या घराण्याचा रिवाज आहे. परंतु मी तंजावरचा हट्ट धरला, आणि त्याचे कारण भक्ती नसून दप्तर हे होते. तेथील बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा साद्यंत इतिहास मराठीत कोरवून ठेवला आहे आणि तो त्यांचे चिटणीस बाबूराय यांनी रचला आहे, हे मी नोकरीत असताना कोठेसे वाचले होते. ज्या खात्यात वाळवीने अर्धा संपविलेल्या कागदाची नक्कल मागावयास आलेल्या पक्षकाराला उरलेल्या अर्ध्या कागदावर समाधान मानावे लागे, त्या खात्यातील मनुष्याला, ज्याचे दप्तर वाळवीला चावत नाही असा चिटणीस दैवतासमान वाटावा यात नवल नाही.

चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून रात्रीच्या गाडीने निघून आम्ही उभयता सकाळी तंजावरास पोहोचलो. स्थानकाबाहेरच्या खाणावळीत पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात अशी हातभर उंचीवरून कॉफीची बदली चाललेली पाहून, कोणत्याही ठिकाणी स्थिर होण्यापूर्वीच जिला हलविण्यात येते तिच्याविषयी सरकारी नोकराला वाटावी तशी हळहळ मला वाटली. मात्र चव घेताच, काही बदल्या हितकारक असतात हे कबूल करावे लागले. देवळाकडे जाताना आमच्या सौभाग्यवतीने एका म्हातारीकडून केळ्यांची फणी घेतली. म्हातारीला मराठी येत नव्हते, सौभाग्यवतीला तमिळ येत नव्हते, तरीही दोघींमध्ये पाच मिनिटे घासाघीस झाली आणि ती दोघींच्याही समाधानाने संपली. फणीला नेमकी बारा केळी होती. हा आकडा वाचकांनी कृपा करून ध्यानात ठेवावा.

राजराज चोळाने इसवी सन १०१०च्या सुमारास पुरे केलेल्या त्या मंदिराचे २०० फुटांच्या घरातील शिखर पाहून भलेभले प्रवासी तोंडात बोट घालतात. मी त्या शिखराला एक छायाचित्र बहाल केले आणि उरलेला कॅमेरा भिंतीसाठी राखून ठेवला. जोडे बाहेर काढावे लागतात आणि प्रांगणातील दगड दहा वाजताच तापू लागतात. त्यामुळे भोसल्यांच्या पराक्रमाकडे मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतच गेलो. लेख देवनागरीत आहे, अक्षर ठसठशीत आहे, आणि चारशे कोसांवर, जेथे दुकानांच्या पाट्या, बसचे फलक आणि खुद्द देवाचा भटजीही आपल्याला अगम्य, तेथे दगडातून अकस्मात आपली भाषा बोलू लागली म्हणजे मनुष्याने थांबून दोन ओळी वाचाव्यात हे स्वाभाविक होते. सौभाग्यवतीने तेच केले. भिंतीला नाक लावून ती मोठ्याने वाचू लागली. मी मात्र मोजणीदाराच्या शिस्तीने भिंतीचे तुकडे पाडले, आणि एकही अक्षर दुबार टिपले जाणार नाही अशा सरकारी काटकसरीने एकेका तुकड्याचे छायाचित्र घेत पुढे सरकलो. “घरी जाऊन निवांत वाचू,” असे मी तिला सांगत होतो, आणि “अगं, जरा बाजूला हो, शहाजीराजे झाकले जात आहेत,” असेही सांगत होतो. परंतु दर चार-पाच चित्रांमागे एकात तिचा हात, पदर किंवा केळ्यांची फणी आल्यावाचून राहिली नाही.

कॅमेरा जुना आहे. त्याच्या पोटात घड्याळ चालू ठेवणारी जी चिमुकली बॅटरी असते ती केव्हाच निवर्तली असल्यामुळे, मोठी बॅटरी बदलली की तो दरवेळी नव्याने जन्म घेतो आणि आजची तारीख कोणती असे विचारतो. त्या दिवशी मी बॅटरी दोनदा बदलली. उन्हात पडदा दिसेना, चष्मा सौभाग्यवतीच्या पिशवीत, पिशवी केळ्यांखाली. म्हणून मी दोन्ही वेळा ‘होय’ची कळ दाबून मोकळा झालो. फेरफारावर न वाचता सही केल्याचे परिणाम काय होतात हे मी ३१ वर्षे इतरांना समजावून सांगितले आहे.

दुपारी सरस्वती महाल ग्रंथालय पाहिले. ताडपत्रांच्या पोथ्या, मोडीचे कागद, आणि सरफोजीराजांच्या काशीयात्रेची आठवण सांगणारी तेथील घाटांची चित्रे, असा तो ऐवज. राजाने यात्रा केली, चित्रे आणविली, आणि दोनशे वर्षांनी ती अजून उघडता येतात. यात मला त्या दिवशी विशेष काही वाटले नाही.

पुण्यास परतल्यावर माझी २१२ छायाचित्रे, आधीच्या आयुष्यातील ३१ हजारांच्या जमावात, संगणकाच्या चित्रसंग्रहात दाखल झाली. संगणकाच्या पोटात जागा नसल्याने हा संग्रह मी पानाच्या डब्याएवढ्या एका बाह्य डिस्कवर ठेवीत असे, आणि बॅकअपची तर मला यत्किंचितही चिंता नव्हती, कारण तो दर तासाला आपोआप होत असल्याचे चिन्ह वर कोपऱ्यात दिसे. मग एका रात्री त्या यंत्राने नवी प्रणाली उतरवून घेण्याची परवानगी मागितली आणि मी पुन्हा एकदा ‘होय’ म्हटले. सकाळी यंत्राचा चेहरामोहरा अधिक गुळगुळीत झाला होता, खिडक्यांचे कोपरे अधिक वाटोळे झाले होते, आणि चित्रसंग्रह उघडत नव्हता.

भाच्याला बोलावले. त्याने पहिला प्रश्न तोच विचारला जो डॉक्टर उशिरा आणलेल्या रोग्याच्या नातेवाइकांना विचारतात. “मामा, बॅकअप?”

“दर तासाला होतो,” मी अभिमानाने म्हणालो.

“संगणकाचा होतो. बाहेरची डिस्क त्यात आपण मुद्दाम सामील करावी लागते. नाहीतर ती मुळातच वगळलेली असते.”

म्हणजे गावठाणातील घराची नोंद बिनचूक, आणि सगळी जमीन होती त्या वाडीची नोंदच नाही! असल्या प्रकरणांत मी लोकांना तारखेवर तारीख दिली आहे. भाच्याने निदान केले ते असे: नवी प्रणाली आली की चित्रसंग्रह प्रथम उघडताना आपली नोंदवही नव्या नमुन्यात उतरवून काढतो, हे काम चालू असताना माझ्या डिस्कची वायर सैल असल्यामुळे डिस्क मध्येच बेपत्ता झाली, आता वही अर्धी जुन्या नमुन्यात आणि अर्धी नव्या, त्यामुळे नवा कारकून तिला हात लावीत नाही आणि जुन्याला ती वाचता येत नाही. दोन कळी दाबून धरून संग्रह उघडला म्हणजे दुरुस्तीचा हुकूम देता येतो, तो त्याने दिला. चार तास एक निळी रेघ गोगलगाईप्रमाणे उजवीकडे सरकत राहिली, आणि दुरुस्ती होऊ शकली नाही असे कळविण्यात आले. मग त्याने डिस्कच्या माहितीचा तक्ता उघडला. तळाशी एक बारीक चौकट होती. तिच्यासमोरच्या इंग्रजी वाक्याचा अर्थ ‘या डिस्कवरील मालकीकडे दुर्लक्ष करावे’ असा होता. भाचा तेथे खूण करावयास निघाला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. उभ्या हयातीत मालकीकडे दुर्लक्ष करण्याच्या तोंडी विनंत्या मला पुष्कळ झाल्या, काही मिठाईसह झाल्या. पण त्यासाठी छापील चौकट ठेवण्याचा निगरगट्टपणा कोणी केला नव्हता. खूण केली, तरीही संग्रह उघडला नाही. बेकायदेशीर मार्गानेही काम होत नाही, हे पाहून मात्र थोडे बरे वाटले.

नवी वायर आणि नवी डिस्क आणण्यासाठी आम्ही तपकीर गल्लीची सफर केली. सदाशिव पेठेतून बुधवार पेठेत जाणे हा नकाशावर प्रवास ठरत नाही. परंतु दुचाकी लावण्यास जागा शोधताना आम्ही एवढे दूर गेलो की अखेर तिथून घर जवळ पडले. दुकानदाराने जुनी वायर दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तशी, दिव्यासमोर पाहिली आणि एवढेच विचारले, “हिच्यावर विश्वास ठेवला होता?”

खरा प्रवास त्यानंतर सुरू झाला. संग्रह म्हणून बाहेरून जी एक बंद पेटी दिसते तिच्यावर उजवी कळ दाबली म्हणजे आत शिरण्याची वाट मिळते, आणि आत ‘ओरिजिनल्स’ नावाचे एक नगर वसलेले आहे. त्याच्या सोळा पेठा. शून्यापासून नऊपर्यंत दहा, आणि ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत सहा. मूळ छायाचित्रे सगळी शाबूत होती, एकाचेही बोट दुखावलेले नव्हते. पण प्रत्येकाचे पाळण्यातले नाव जाऊन त्याजागी ३६ चिन्हांचा, मध्येमध्ये आडव्या रेघा असलेला एक क्रमांक आला होता, आणि कोणी कोणत्या पेठेत राहावे हे त्या क्रमांकाच्या आद्याक्षरावर ठरले होते. खऱ्या नावांचा दाखला नोंदवहीत, आणि नोंदवही तर गतप्राण! ‘सात’ पेठेत मी सकाळी हिंडलो. बृहदीश्वराच्या शेजारी विजेचे बिल राहत होते. धाकट्या मेव्हण्याच्या मुंजीतील बटूच्या भिंतीला भिंत लावून माझ्या गुडघ्याची क्ष-किरण चित्रे. प्रतापसिंहाच्या कारकिर्दीचा एक दगड आणि त्याच्या समोर, ३९ चित्रांत, एकाच आंब्याच्या पेटीबद्दलचा व्यापाऱ्याशी झालेला वाद, पुराव्यासाठी टिपलेला. ‘बी’ पेठेत संध्याकाळपर्यंत फक्त माझे अंगठे भेटले. मनुष्य आपला अंगठा किती वेळा टिपतो याची कल्पना, सोळा पेठा पायी हिंडल्यावाचून येत नाही.

“घाबरू नका मामा,” भाचा म्हणाला. “प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख असते. तारखेने लावू.” त्याने सगळी प्रजा नव्या डिस्कवर नव्या संग्रहात हलविली, आणि ३१ हजार चित्रे खरोखरच आपापल्या सालात जाऊन बसली, मुंज मुंजीच्या सालात गेली, गुडघा गुडघ्याच्या. तंजावर मात्र २०१२ सालच्या १ जानेवारीच्या मध्यरात्री सापडले. त्यातही कॅमेरा त्या दिवशी दोनदा पुनर्जन्म पावला असल्याने एका भिंतीच्या तीन मध्यरात्री झाल्या होत्या, आणि त्या एकमेकींत अशा मिसळल्या होत्या की पहिल्या मध्यरात्रीनंतर चार मिनिटांनी टिपलेल्या दगडाला लागून तिसऱ्या मध्यरात्रीनंतर चार मिनिटांनी टिपलेला दगड उभा होता.

मजकूर वाचून क्रम लावावा म्हणाल, तर एकाही तुकड्यात दुसऱ्याचे अक्षर येऊ नये ही माझी काटकसर आड आली, आणि दगडात विरामचिन्हे नाहीत. शिवाय तंजावरच्या राजघराण्यात एकोजी दोन, शहाजी दोन, सरफोजी दोन, तुळजाजी दोन. त्यामुळे राजाचे नाव वाचले तरी पिढी कळत नाही. भरीस भर म्हणजे चार चित्रे पार धुरकट निघाली. ती अपडेटनेच नासविली, असे मी भाच्याला दोनदा सुनावले. त्याने त्यावर काही न बोलता खांदे उडविले, याचा मला राग आला.

चौथ्या दिवशी सौभाग्यवती पोहे घेऊन आली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली. “ह्यात नऊ आहेत,” ती म्हणाली.

“काय नऊ?”

“केळी. आणि ह्यात सात. मग नऊ आधी नको का?”

मी बशी खाली ठेवली. ज्या हातासाठी, पदरासाठी आणि फणीसाठी मी तिला देवाच्या दारात अनेकदा बाजूला सारले होते, तोच हात दर चार-पाच दगडांमागे कालगणना करीत आला होता. इतिहाससंशोधकांना जेधे शकावली जशी, तशी आम्हाला ती फणी झाली. बारा केळी: भोसले कुळाचा आरंभ. दहा: थोरले शहाजीराजे. आठ आणि सात यांच्या दरम्यान शिवछत्रपती. संध्याकाळपर्यंत तीन मध्यरात्री वेगळ्या झाल्या आणि भिंतीचा बहुतेक भाग पुन्हा जागेवर आला.

राहिली ती चार धुरकट चित्रे. त्यांत एकोजीचे नाव तेवढे वाचता येत होते, पण कोणता एकोजी ते कळेना, आणि केळे तर एकातही नव्हते. माझे म्हणणे, ती आठव्या केळ्याजवळची असावीत. कारण व्यंकोजी ऊर्फ एकोजी, म्हणजे शिवरायांचे सावत्र बंधू, तेथेच यावयाचे. तिचे म्हणणे, ती पाच आणि चार यांच्या मधली. “पाचवे केळे तू सहलीच्या पोराला दिलेस,” मी बजावले, “तेव्हा आपण नंदीजवळ होतो.”

“पोराला सहावे दिले. पाचवे तुम्हाला दिले. पित्त होईल म्हणून. तुम्ही एका हाताने ते खाल्लेत आणि दुसऱ्या हाताने फोटो काढीत राहिलात.”

मी तसे काही केल्याचे साफ नाकारले, दप्तरातून भिंग काढले आणि पडद्याला लावले. चौथ्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, एकोजीच्या नावाला जवळजवळ टेकून, सोललेल्या सालीचे पिवळे टोक लोंबत होते. तेव्हा हा दुसरा एकोजी.