अपंगत्वाच्या तक्त्यास जाहीर नोटीस

प्रति,
अपंगत्वाचा तक्ता,
मुक्काम: वैयक्तिक अपघात विम्याची पॉलिसी

महाशय,

आमचे अशील, म्हणजे आमचाच घसा, आमचीच कंबर आणि आमचीच स्मरणशक्ती, यांनी दिलेल्या माहितीवरून आपणांस ही नोटीस देण्यात येते.

आपण शिस्तीचे. दोन्ही डोळे गेले, शंभर टक्के. एक हात गेला, पन्नास. अंगठ्याला, बोटांना निरनिराळा भाव. घराणंही जुनं: १९२३च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा ३० टक्के, तर्जनी १४ टक्के. कारखान्यात पट्ट्यात सापडणाऱ्या हातांना या हिशेबाचा अर्थ होता. आमच्या दिवाणी न्यायालयात पट्टा एकच, गळ्याला बांधायचा पांढरा, आणि त्यात कोणाचं बोट सापडल्याचं बाररूममध्ये अजून कोणी ऐकलेलं नाही.

म्हणूनच असेल, विमा कंपन्या आम्हाला डॉक्टरांच्या पंगतीला, सर्वांत कमी जोखमीच्या वर्गात बसवतात. हप्ता कमी, म्हणून आम्हीही खूश. प्रधानमंत्री सुरक्षा विमा तर वर्षाला २० रुपयांत; दोन्ही हात कायमचे गेले तर २ लाख. विसाच्या नोटेत एवढं कोण देतं?

आता वस्तुस्थिती. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ वकिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.  त्याचं कारण आजार, अपघात नाही; आपल्या लेखी विषय संपला. पहिल्या तारखांना ज्युनिअरने ‘वकीलसाहेब आजारी’ अशी पुरसीस दिली, न्यायाधीशांनी भल्या मनाने तहकुबी दिली. मग पक्षकार एकेक करून घरी येऊ लागले. तब्येत विचारायची, चहा घ्यायचा आणि पिशवीतून कागद काढायचा: दुसरा वकील लावण्यास हरकत नाही, इथे सही करा. डाव्या हाताने केलेल्या त्या वेड्यावाकड्या सह्या कोर्टाच्या फायलींत लागलेल्या आहेत. पक्षकारांचा तरी काय दोष? जमिनीचा दावा वकील बरा होईपर्यंत थांबत नाही. (एरवी तो कशासाठीही थांबतो.)

गंभीर आजारांची पॉलिसी वेगळी असते, असं आपण म्हणाल. असते. पक्षाघाताने आलेला दोष निदान तीन महिने टिकल्याचा पुरावा तिला लागतो, आणि मिळते ती एकरकमी. बुडालेली दरमहाची फी भरून देणारं काही आहे का, असं विचारलं की एजंट आयकराची विवरणपत्रं मागतो. तिथे आमचीच पंचाईत. आयकराच्या अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीखाली जमेच्या निम्मं उत्पन्न दाखवलं तरी चालतं. ती जमाही जिथे हात आखडून लिहिलेली, तिथे आयकरवाल्यांपुढे नसलेली कमाई विमावाल्यांपुढे कुठून आणायची?

लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे आम्हीच छाती ठोकून सांगतो की, शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान यांची टक्केवारी एक धरू नये. राजकुमार विरुद्ध अजयकुमार, सर्वोच्च न्यायालय, २०१०: डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. ट्रकच्या क्लीनरसाठी हा निवाडा तोंडपाठ म्हणणारे आम्ही, स्वतःच्या पॉलिसीवर एजंटाने पेन्सिलीची फुली मारली असेल तिथे निमूट सही करतो. आवाज गेलेला वकील किती टक्के, हे कधी विचारत नाही.

सबब, आवाज, स्मरणशक्ती आणि खुर्चीत बसण्याची ताकद यांना आपण आपल्या रकान्यांत जागा द्यावी, आणि आजाराने बसलेल्या वकिलाला अपघाताने बसलेल्याइतकंच बसलेलं मानावं. या नोटिशीची प्रत महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला. अपंग व गरजू वकिलांसाठी निधी उभारण्याचा अधिकार राज्य बार कौन्सिलला १९६१च्या अधिवक्ता कायद्यानेच दिला आहे, आणि कल्याण निधीचं तिकीट आम्ही वकीलपत्रावर इमानेइतबारे चिकटवत आलो आहोत. सगळ्या सदस्यांसाठी एकत्र विमा मागायला कौन्सिलएवढा वजनदार पक्षकार दुसरा कोण?

नोटिशीचा खर्च आपणांवर ठेवला आहे.

आपला,
एक वकील (सध्या धडधाकट)

प्रत माहितीसाठी: सर्व वकील बंधुभगिनी. पुढचा हप्ता भरण्याआधी आपली पॉलिसी अशिलाची समजून एकदा वाचावी.