शंभरची शंभरला लागत नाही

पुण्याहून केडगावला मोटरसायकलवर जाऊ नये, असं मला आधी पाठीने सांगितलं, मग बायकोने आणि शेवटी मोटरसायकलने. केडगाव म्हणजे नगरचं. दौंडकडे दुसरं केडगाव आहे, तिथे रेल्वेस्टेशन आहे, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. माझी सासुरवाडी तिकडे असती तर मी रेल्वेने गेलो असतो आणि तुम्ही या लेखातून सुटला असतात.

माझी गाडी यामाहा आरएक्स १००. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, अकरा अश्वशक्ती. भारतात ती १९८५ ते १९९६ बनली, माझी १९९१ची. केंद्राच्या २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नाशी ओलांडल्याशिवाय गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणता येत नाही. म्हणजे आम्हा दोघांत तो मान सध्या फक्त मला.

वाघोलीत वाहतुकीने रडवलं. रांजणगावचा गणपती वाटेत लागतो, तो लागला. सुप्याच्या पुढे मात्र एका शेळीने अर्धा रस्ता ओलांडल्यावर विचार बदलला आणि मी दुभाजकाला भेटलो. शेळी शाबूत, मी शाबूत, शॉकअपच्या दोन्ही नळ्या मागे वाकलेल्या. पुढचं टायर इंजिनाला टेकलेलं. ऐन नवरात्रात जावई टेम्पोतून, कांद्याच्या गोण्यांवर बसून सासरी पोचला. एसटीने निघालेली बायको केव्हाच पोचून चहा पीत होती. “मी म्हटलं होतं,” एवढंच ती म्हणाली. या वाक्याला पुढचा भाग कधीच नसतो.

“दाजी, काय काळजी करता! आण्णांची कावासाकी पडवीत पडलीये. तीबी शंभरची, तुमचीबी शंभरची. तिचा शॉकअप तुमच्या गाडीला,” मेव्हणा म्हणाला. आण्णा म्हणजे माझे सासरे.

त्या काळी जपान्यांशी हातमिळवणी करून शंभर सीसीच्या गाड्या एकामागून एक आल्या. १९८४ला इंड-सुझुकी, १९८५ला हिरो होंडा आणि आरएक्स, १९८६ला बजाजची कावासाकी. चारही शंभरच्या. पण शंभर हे सिलिंडरचं माप आहे, शॉकअपचं नाही. मेव्हण्याला हे मान्य नव्हतं.

अष्टमीला कावासाकीचा शॉकअप खोलला. तिच्या नळ्या आरएक्सच्या ‘टी’मध्ये, म्हणजे दोन्ही नळ्या धरणाऱ्या जोडात, बसेनात, म्हणून टीसकट उचलायचं ठरलं. टीचा दांडा आरएक्सच्या मानेत गेला, पण बेअरिंगचे कोन वेगळे, गोळ्यांची बैठक वेगळी. केडगावच्या एका टर्नरने रात्री उशिरापर्यंत थांबून बुश करून दिला आणि बजावलं, “उद्या काय बी मागू नका. खंडेनवमी आहे, लेथ पूजेला.”

खोलताना एक गोष्ट घडली. कावासाकीच्या नळ्यांवर, ऑइल सीलमध्ये धूळ जाऊ नये म्हणून, सासऱ्यांनी कापडाच्या पट्ट्या गुंडाळून तारेने आवळल्या होत्या. मेव्हणा त्या बोळा करून फेकणार, तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढे केला. पट्टीला अजून जरा किरमिजी काठ होता. “माझं लुगडं फाडलंवतं. भांडले होते मी त्यांच्याशी,” त्या म्हणाल्या आणि तेलाने काळ्या झालेल्या पट्ट्या घेऊन आत गेल्या. पुढचा पाना लावायला मेव्हण्याने बराच वेळ घेतला.

नवमीला सकाळी अंगणात जोडणी सुरू झाली. घर रेणुकामातेच्या देवळाच्या वाटेवर. नवरात्रात केडगावच्या देवीला सगळं नगर लोटतं, आणि त्यातला प्रत्येक जण देवीआधी आमचं दर्शन घेत होता. कोणी सांगे, दोन्ही नळ्यांत तेल सारखंच मोजून घाला. कोणी म्हणे, नळ्या टीमधून वर-खाली सरकवून उंची जुळवा. नाक खाली गेलं की गाडी चटकन वळते, पण वेगात बिथरते. हे सगळं खरं होतं, हाच वैताग. नगरात लुना बनायची, लष्कराच्या गाड्यांची चाचणी होते, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. इथल्या माणसाला यंत्रातलं कळत नाही असं समजून चालत नाही.

चाक आरएक्सचंच बसवलं, कारण कावासाकीचं चाक मेव्हण्याने शेतातल्या कोळप्याला लावलं होतं. तेव्हा लष्करी वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक आजोबा वाकले आणि ब्रेकप्लेटवर बोट ठेवून म्हणाले, “हिला धरणारं कोण?”

प्रश्न मुळावरचा होता. ड्रम ब्रेक दाबला की लायनर ड्रमला घट्ट धरतात आणि प्लेटही चाकाबरोबर फिरू पाहते. ती फिरू नये म्हणून शॉकअपच्या खालच्या भागावर एक उंचवटा असतो, तो प्लेटच्या खाचेत अडकतो. आमच्याकडे खाच यामाहाची, उंचवटा कावासाकीचा. दोघांची गाठ पडत नव्हती. वेल्डिंगवाल्याकडे जावं तर त्याच्या मशीनला झेंडूचा हार.

“दाजी, पुढचा ब्रेक वापरतं कोण?” मेव्हणा म्हणाला. महाराष्ट्रात या प्रश्नाला उत्तर नाही. त्याने किक मारली. देवळाच्या वाटेवर गर्दी, समोर फुलवालीची पाटी, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने पुढचा ब्रेक दाबला. प्लेट गर्रकन फिरली, केबल एक्सलभोवती गुंडाळली गेली, चाक जागच्या जागी थांबलं. मेव्हणा मात्र पुढे गेला आणि अकोळनेरच्या शेवंतीत उतरला. वेग चालण्याइतकाच होता म्हणून गुडघा सोलण्यावर भागलं. फुलांचे पैसे जावयाने दिले.

दसऱ्याला आम्ही एसटीने परतलो. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ला याच नगर-पुणे रस्त्यावर धावली. तिचा शॉकअप कोणी बदलल्याचं ऐकिवात नाही. आरएक्सच्या मूळ नळ्या नंतर प्रेसवर सरळ करून घेतल्या, त्याच आजही आहेत. कावासाकीचा शॉकअप कावासाकीला परत गेला आणि चाक कोळप्यावरून उतरलं.

तेव्हा जुन्या गाडीचा शॉकअप बदलायचाच असेल तर टी, कोन, चाक, एक्सल आणि ब्रेकप्लेट असा अख्खा पुढचा भाग एकाच गाडीचा घ्या, आणि ब्रेकप्लेट अडकलीय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किक मारू नका. तेवढं जमत नसेल तर आपलाच वाकलेला सरळ करून घ्या. आणि काहीही झालं तरी हे काम खंडेनवमीला, सासुरवाडीच्या अंगणात काढू नका.